ससा, घरमालक आणि भाडेकरार : इंग्लंडमधील साडेसहा शतकांचा तंटा

१/२४
जून १३८१. लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट ऑल्बन्स गावात एक खोडा होता. गुन्हेगाराची मान आणि हात अडकवून त्याला चारचौघांसमोर उभे करण्याची ती लाकडी चौकट. त्या दिवशी मात्र तिच्यावर कोणी गुन्हेगार नव्हता. गावकऱ्यांनी शेतात पकडलेला एक जिवंत ससा तिच्यावर बांधला होता. गावाने आपल्या जमीनदाराकडून मिळवलेल्या हक्काची ती जाहीर खूण होती.

२/२४
साडेसहा शतकांनंतर त्याच देशात पाळीव ससा घेऊन भाड्याचे घर शोधायला निघालेल्या माणसाची गाठ 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' या ओळीशी पडते. खोड्यावरचा तो ससा आणि जाहिरातीतली ही ओळ यांच्यामध्ये एक सलग इतिहास आहे. जागेचा मालक आणि जागेत राहणारा यांच्यात सशावरून तंटा झाला आणि कायद्याने १८८०, १९५० आणि २०२५ असा तीनदा त्यात हात घातला. हा धागा त्या तंट्याचा.

३/२४
ससा इंग्लंडचा मूळ रहिवासी नव्हे. त्याचे मूळ घर म्हणजे आजचे स्पेन आणि पोर्तुगाल. नॉर्मन सरदारांनी मांसासाठी आणि मऊ कातडीसाठी त्याला इंग्लंडमध्ये आणून वाढवले आणि बाराव्या शतकापासून तो तेथे स्थिरावला. तेथील थंड, ओलसर हवा त्याला मानवेना, तेव्हा त्याला बिळे करता यावीत म्हणून भुसभुशीत मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम रचले गेले. असे उंचवटे डार्टमूरच्या माळावर आजही दिसतात. सशासाठी माणसांनी घरे बांधून दिली होती, असा हा काळ.

४/२४
सशांसाठी राखलेल्या या जमिनीला 'वॉरन' म्हणत. आपल्या मुलखातील ससे आणि इतर लहान प्राणी-पक्षी मारण्याचा एकाधिकार राजा सनदेने जमीनदाराला देई. त्याचे नाव 'फ्री वॉरन'. ससा तेव्हा कोंबडीपेक्षा कितीतरी महाग होता आणि मेजवानीच्या ताटात शोभणारा मानला जाई. ज्या कुळाच्या शेतात तो चरे, त्या कुळाला त्याला हात लावण्याची मुभा नसे. पीक कुळाचे आणि ते खाणारा ससा मालकाचा, असा हा हिशेब होता.

५/२४
सेंट ऑल्बन्सचा जमीनदार म्हणजे तेथील श्रीमंत मठ. गावकऱ्यांनी आपले धान्य मठाच्याच गिरणीत दळून घ्यावे, असा मठाचा आग्रह होता. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका मठाधिपतीने घराघरांतील जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातील दालनाच्या फरशीत बसवून टाकले. पराभवाची आठवण पायाखाली कायम राहावी, अशी ती व्यवस्था होती. जाते, मासळी, लाकूडफाटा आणि ससा या रोजच्या गोष्टींवरून गाव आणि मठ यांच्यातील वैर पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिले.

६/२४
१३८१ मध्ये जाचक डोईपट्टीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला आणि सेंट ऑल्बन्सही उठले. विल्यम ग्रिंडकॉब याच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी मठाची कुंपणे पाडली, फरशीत बसवलेले जात्यांचे दगड उखडून काढले आणि ससा खोड्यावर बांधला. मठाधिपतीकडून त्यांनी हक्कांची सनदही लिहून घेतली. ही हकीकत त्याच मठातील संन्यासी इतिहासकार थॉमस वॉल्सिंगहॅम याने नोंदवून ठेवली आहे. त्याची सहानुभूती अर्थातच गावकऱ्यांच्या बाजूला नव्हती.

७/२४
ही सनद टिकली नाही. जुलैमध्ये राजा दुसरा रिचर्ड लवाजम्यासह सेंट ऑल्बन्समध्ये आला. सवलती मागे घेण्यात आल्या. उठावाचा गाजलेला उपदेशक जॉन बॉल याला १५ जुलैला याच गावात देहदंड देण्यात आला आणि ग्रिंडकॉबही फासावर गेला. हक्क कागदावर लिहून घेता येतो, पण तो राखण्याचे बळ नसेल तर तो महिनाभरही टिकत नाही. या तंट्यात हा अनुभव पुढेही पुन्हा येतो.

८/२४
पुढील शतकांत कायदा मालकाच्या बाजूने अधिकच कठोर झाला. १६७१ च्या शिकार कायद्याने शिकारीचा अधिकार वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन किंवा १५० पौंडांची दीर्घ मुदतीच्या पट्ट्याची जमीन असलेल्यांपुरता, म्हणजे मूठभरांपुरता, ठेवला. १७२३ मध्ये तथाकथित 'ब्लॅक अॅक्ट' आला. तोंडाला काळे फासून, हत्यार घेऊन सशांच्या वॉरनमध्ये शिरणे हा त्याने देहदंडाचा गुन्हा ठरवला. हा कायदा बहुतांशी रद्द व्हायला १८२३ साल उजाडावे लागले.

९/२४
दरम्यान ससाही बदलला. शेतांभोवती दाट कुंपणे आली, हिवाळ्यातही हिरवा चारा उभा राहू लागला आणि शिकारीचे पक्षी जपण्यासाठी नेमलेल्या राखणदारांनी कोल्हे, इतर लहान शिकारी प्राणी आणि घारी मारून टाकल्या. सशाला शत्रू उरला नाही. राखीव जमिनीतला महागडा पाहुणा रानोमाळ पसरला आणि पिकांचा शत्रू झाला. तरीही जमिनीच्या करारात मालक शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवी. आपले पीक डोळ्यांदेखत कुरतडले जात असताना कुळाने हात बांधून बसावे, अशी त्या कलमाची अपेक्षा होती.

१०/२४
१८७० च्या दशकात परदेशी धान्याने भाव पाडले. १८७९ चा हंगाम अतिपावसाने बुडाला. कुळांचा असंतोष निवडणुकीपर्यंत पोहोचला. १८८० मध्ये ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान झाले आणि गृहमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांनी 'ग्राउंड गेम' विधेयक मांडले. ग्राउंड गेम म्हणजे जमिनीवर वावरणारी शिकार, अर्थात ससे आणि त्यांचे रानटी भाऊबंद असलेले मोठे 'हेअर'. जमीन कसणाऱ्याला ते मारण्याचा हक्क देणारा हा कायदा त्याच वर्षी संमत झाला.

११/२४
या कायद्याचे मर्म एका शब्दात होते. हा हक्क जमिनीच्या भोगवट्यापासून 'अविभाज्य' ठरवण्यात आला. कुळाने करारात तो सोडून दिला असे लिहिले, तरी ते कलम रद्दबातल. मालक आणि कूळ यांनी स्वखुशीने सही केली, मग कायद्याने मध्ये का पडावे, हा विरोधकांचा सवाल होता. त्याचे उत्तर सरळ होते : ज्याला जमीन हवी आहे आणि ज्याच्याकडे जमीन आहे, त्यांची खुशी सारख्या वजनाची नसते. भाडेकरारातील सशाचे कलम कायद्याने पहिल्यांदा मोडले ते येथे.

१२/२४
त्याच काळात शहरी घरांत ससा वेगळ्या वाटेने शिरत होता. सशांच्या सुंदर जाती जोपासणारे हौशी लोक प्रदर्शने भरवू लागले होते. बिअॅट्रिक्स पॉटर हिने आपला पीटर नावाचा ससा लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात साडेचार शिलिंगांना विकत घेतला. तो घरातच वावरे आणि प्रवासातही तिच्यासोबत असे. १९०२ मध्ये प्रकाशित झालेल्या तिच्या पुस्तकाने त्याचे नाव जगभर नेले. अर्थात पॉटर कुटुंब सधन होते. सशासाठी कोणा मालकापुढे अर्ज करण्याची वेळ त्यांच्यावर येत नव्हती.

१३/२४
सामान्य कुटुंबांची गोष्ट निराळी होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांनी कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर भाड्याची घरे बांधली. घरे हवेशीर, पुढे-मागे बाग असलेली होती. त्यांच्यासोबत नियमावल्याही आल्या. बाग कशी राखावी इथपासून कोंबड्या, कबुतरे, ससे पाळू नयेत इथपर्यंतच्या अटी अशा करारांत असत. दाटीवाटीच्या वस्त्यांतील घाण आणि रोगराई मागे राहावी, हा त्यामागचा हेतू. पण परसात दोन ससे वाढवून रविवारचे मांस मिळवण्याची कामगारांची जुनी रीत त्यामुळे बेकायदा ठरली.

१४/२४
दुसऱ्या महायुद्धाने ही शिस्त मोडली. जानेवारी १९४० मध्ये बेकन, लोणी आणि साखर यांचे रेशनिंग सुरू झाले आणि मार्चमध्ये मांसाचेही. प्रौढ माणसाला आठवड्याला १ शिलिंग १० पेन्स किमतीचे मांस मिळे. पुढे ही मर्यादा आणखी खाली आली. अंडे आठवड्याला साधारण एक. घरच्या परसात वाढवलेला ससा मात्र रेशनबाहेर होता. तो भाजीची साले, कोबीची बाहेरची पाने आणि रस्त्याकडेचे गवत खाऊन वाढे. जहाजातून आणलेल्या धान्याची त्याला फारशी गरज नव्हती.

१५/२४
सरकारने सशांचे उघडपणे स्वागत केले. गावोगावी सशांचे क्लब निघाले आणि त्यांच्या सभासदांना सशांसाठी कोंडा मिळू लागला. परसात पिंजरा ठेवण्यास मनाई करणारी करारातील कलमे युद्धकाळातील विशेष नियमांनी बाजूला सारण्यात आली. कालपर्यंत ज्या भाडेकरूला सशासाठी नोटीस मिळू शकत होती, त्याच्याकडून आता राष्ट्रकार्य म्हणून ससे वाढवण्याची अपेक्षा होती. मुलांची मात्र पंचाईत झाली. ज्या सशाला एकदा नाव दिले, तो रविवारी ताटात कसा घ्यायचा?

१६/२४
युद्ध संपले, टंचाई संपली नाही. युद्धात कधी न झालेले पावाचे रेशनिंग जुलै १९४६ मध्ये सुरू झाले आणि दोन वर्षे चालले. मांसाची मर्यादा तर १९५१ च्या सुरुवातीला आठवड्याला ८ पेन्सपर्यंत घसरली. युद्धकाळातील विशेष नियम मात्र कधी ना कधी संपणारच होते. ते संपले की जुनी कलमे पुन्हा जिवंत होणार आणि लाखो परसांतील पिंजऱ्यांवर टाच येणार, हे उघड होते. तात्पुरती सवलत कायमची करायची की नाही, हा प्रश्न अॅटली यांच्या मजूर सरकारसमोर आला.

१७/२४
उत्तर १९५० च्या 'अॅलॉटमेंट्स अॅक्ट'मध्ये सापडते. शहरी लोकांना भाजीपाल्यासाठी मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांविषयीचा हा छोटासा कायदा. त्याच्या १२ व्या कलमाचा आशय असा : भाडेकरारात किंवा इतर कोणत्याही करारात काहीही लिहिलेले असो, जागेच्या भोगवटादाराने तेथे कोंबड्या किंवा ससे पाळणे आणि त्यासाठी वाजवी गरजेपुरते खुराडे उभारणे कायदेशीर राहील. मालकाची परवानगी मागण्याची अटही त्यात नाही. भाडेकरारातील सशाचे कलम मोडण्याची ही दुसरी वेळ.

१८/२४
मर्यादा होत्या, आणि त्या शहाणपणाच्या होत्या. व्यापारासाठी प्राणी पाळण्याला हे संरक्षण नाही. आरोग्याला अपाय किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होईल अशा रीतीने पाळण्यालाही नाही. इंग्रजी मजकुरात शब्द 'कोंबडी' आहे, त्यामुळे पहाटे आरवणारा कोंबडा त्यात बसत नाही. कुत्रा आणि मांजर यांचा उल्लेखच नाही, कारण त्यांना कोणी खात नव्हते. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे कलम आजही अस्तित्वात आहे. कोट्यवधी कुत्र्या-मांजरांना न मिळालेला हक्क सशाला मिळाला, तो त्याच्या मांसामुळे.

१९/२४
या कलमाला १९५० मध्ये धार होती, त्याचे कारण मात्र कलमाबाहेर होते. १९३९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक खासगी भाडेकरूंना संरक्षण दिले होते. भाडे वाढवता येत नव्हते आणि सबळ कारण दाखवल्याशिवाय घर रिकामे करवून घेता येत नव्हते. ससा पाळणाऱ्यावर मालक नाराज झाला तरी त्याला बाहेर काढू शकत नव्हता. ससा ठेवण्याचा हक्क आणि घरात राहण्याचा हक्क त्या काळी एकमेकांना धरून उभे होते.

२०/२४
मग चार वर्षांत चित्र पालटले. १९५३ मध्ये केंटमधील एडनब्रिजजवळ मिक्सोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा रोग आढळला आणि दोन-तीन वर्षांत ब्रिटनमधील बहुतेक सगळे रानससे मेले. सुजलेल्या डोळ्यांनी रस्त्याकडेला मरून पडलेले ससे पाहून लोकांचे मन सशाच्या मांसावरून उडाले. ४ जुलै १९५४ रोजी मांसाचे रेशनिंगही संपले. ससा खाण्याची गरज आणि इच्छा एकाच सुमारास मावळली. परसातील पिंजऱ्यात जो उरला, तो मुलांचा सवंगडी होता.

२१/२४
१९७२ मध्ये आलेल्या रिचर्ड अॅडम्स यांच्या 'वॉटरशिप डाउन' या कादंबरीत ससेच नायक होते आणि माणसांची नवी वसाहत उभी राहणार म्हणून त्यांचे बीळ उद्ध्वस्त होते. १९८० च्या दशकात अमेरिकेतून आणखी एक विचार पसरला : ससा पिंजऱ्यात नव्हे, घरात मोकळा वाढवावा. तो ठरावीक जागी मलमूत्र विसर्जन करायला शिकतो आणि माणसांना ओळखतो. मात्र त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावे लागते. विजेची वायर, दाराची चौकट, गालिचाची कडा, काहीही.

२२/२४
घरमालकाची भीती येथे खरी असते. पण तिला बळ दिले ते १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने. नव्या अल्पमुदतीच्या भाडेकरारांत कोणतेही कारण न देता, दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करवून घेण्याची सोय मालकाला मिळाली. १९५० चे कलम पुस्तकात जसेच्या तसे राहिले, पण त्याच्या खालची जमीन सरकली. कलमाचा आधार घेऊन वाद घालणाऱ्या भाडेकरूला मालकाने उत्तर देण्याचीही गरज नव्हती. नोटीस पुरेशी होती. शिवाय त्या कलमाच्या नजरेसमोर होते ते परसातील खुराडे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मोकळा फिरणारा ससा नव्हे.

२३/२४
२७ ऑक्टोबर २०२५ रोजी 'रेंटर्स राइट्स अॅक्ट'ला राजसंमती मिळाली. इंग्लंडमध्ये त्याच्या मुख्य तरतुदींसाठी १ मे २०२६ ही तारीख ठरली. कारण न देता घर सोडायला लावण्याची सोय त्याने मोडीत काढली. भाडेकरूने पाळीव प्राण्यासाठी लेखी विनंती करावी, मालकाने साधारणपणे २८ दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि अवाजवी कारणाने नकार देऊ नये, असेही त्यात आहे. पाळीव प्राणी म्हणजे काय, याच्या व्याख्येत सोबत आणि हौस यांचा उल्लेख आहे. १८८० मध्ये पीक आणि १९५० मध्ये मांस हे कारण होते. तिसऱ्या वेळी कायद्याने सोबतीची गरज मान्य केली.

२४/२४
१९५० च्या कलमाला परवानगी नको होती, २०२५ च्या कायद्याला ती हवी आहे. तरीही नव्या कायद्यात १९५० च्या कलमामागे उभी असलेली गोष्ट परत आली आहे : घरात टिकून राहण्याची हमी. एक फट मात्र उरते. मुले आहेत किंवा सरकारी भत्ता मिळतो म्हणून भाडेकरू नाकारण्यास या कायद्याने मनाई केली. ससा आहे म्हणून नाकारण्यास नाही. विनंतीचा हक्क घर मिळाल्यानंतर सुरू होतो. त्यामुळे घर पाहायला गेलेल्या माणसासमोर जुनाच प्रश्न उभा राहतो : सशाविषयी आत्ता सांगावे, की किल्ली हाती आल्यावर? सेंट ऑल्बन्सच्या गावकऱ्यांनी आपला ससा चारचौघांत खोड्यावर मिरवला होता. आजचा भाडेकरू पहिल्या भेटीत तो लपवतो.